माझ्याशिवाय भट्टी चालत नाही

४ ऑगस्ट, सकाळी ६.१०

नवी वही. जुन्या वहीत सात पानं माझी आणि पुढे हिच्या मैत्रिणींचे फोन नंबर. या वेळी तसं होणार नाही. वर मोठ्या अक्षरांत 'खासगी' लिहिलं आहे. ही म्हणाली, खासगी लिहिलंत म्हणजे आता वाचावंच लागेल. विनोद असावा.

वहीचं कारण लेक. चार दिवस रजेवर आली होती, काल परत गेली. तिला आम्ही लहानपणापासून चिमणी म्हणतो. मी बावीस वर्षं ज्या सिमेंट कारखान्यात आहे तिथेही एक चिमणी आहे, ऐंशी मीटर उंच. दोन्ही चिमण्या मीच सांभाळतो, हा माझा जुना विनोद. परवा जेवताना लेक म्हणाली, बाबा, तुमची ती चिमणी जे सोडते ते मोजणं हेच तर माझं काम.

ती लांब एका डोंगरावरच्या केंद्रात हवा मोजते. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, तासातासाला. एवढं शिकून हवा मोजते, असं मी लोकांना सांगत नाही. सायंटिस्ट आहे असं सांगतो.

मग तिने बिस्किटांच्या पुड्याच्या कागदावर मला चित्र काढून दाखवलं. समुद्रातले शंख-शिंपले कार्बन अंगात घेतात, मरतात, तळाशी बसतात. कोट्यवधी वर्षांनी त्यांची चुनखडी होते. झाडं गाडली जातात, त्यांचा कोळसा होतो. म्हणजे पृथ्वीने कार्बन दोन कपाटांत कुलूप लावून ठेवलेला. आणि बाबा, तुम्ही दोन्ही कुलपं एकदम फोडता. कोळसा जाळून चुनखडी भाजता. कोळशातलाही बाहेर, दगडातलाही बाहेर. एवढ्या वर्षांचं काम तुमची भट्टी अर्ध्या तासात उलटं करते.

रागाने नाही, हसत म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

मी विचारलं, मग लोकांनी घरं कशाची बांधायची, बिस्किटांची? ती म्हणाली, तेच तर अवघड आहे ना.

संकल्प: वर्षअखेरपर्यंत माझ्या भट्टीचा कार्बन दहा टक्के कमी. अवघड काय त्यात? कंट्रोल रूममध्ये सगळ्यांत सीनियर मी. भट्टी माझ्या बोटांवर नाचते.

आणखी एक. चिमणीची निवड झाली आहे. पृथ्वीच्या पार तळाला, बर्फाच्या खंडावर, तिथली हवा मोजायला. दोन डिसेंबरला जहाज. चौदा महिने. त्याआधी तिचं डोंगरावरचं केंद्र बघायला या म्हणाली. तीन वर्षं नुसतं येतो येतो म्हणताय. मी सांगितलं, नोव्हेंबरात नक्की. इथे लिहून ठेवतो. नक्की.

५ ऑगस्ट

तीन वर्षं गेलो नाही याला कारण आहे. बाहेरच्या माणसाला कळत नाही. आमची भट्टी म्हणजे साठ मीटर लांब लोखंडी नळकांडं. आडवं, जरासं कललेलं, गोल फिरत राहतं. आत साडेचौदाशे डिग्री. आतून विटांचं अस्तर. भट्टी थांबली की गार होते, गार झाली की विटा तडकतात, तडकल्या की पुढचे दहा दिवस बोंब. म्हणून थांबवायची नाही. दिवाळखोर मालक, मेलेला मालक, नवा मालक, तीन मालक झाले, भट्टी चालू.

अशी वस्तू टाकून माणूस डोंगरावर कसा जाईल?

कंट्रोल रूमला खिडकी नाही. बाहेर ऊन की पाऊस ते जिन्यावरून येणाऱ्याच्या छत्रीवरून कळतं.

९ ऑगस्ट

सुरुवात स्वतःपासून. स्कूटर बंद, कारखान्यात पायी. तीन किलोमीटर. पहिला दिवस उत्तम. दुसरा दिवस म्हणजे आज. आडवाटेने निघालो, वेळ वाचावा म्हणून. तेवढ्यात भट्टीत काहीतरी गडबड झाली आणि मला आणायला कंपनीने जीप पाठवली. मी घरी नाही, रस्त्यावर नाही. जीप तीनदा घर ते कारखाना फिरली. चौथ्यांदा मी गेटवर हजर.

फिटर (माझ्याबरोबर लागलेला, जिभेला हाड नाही) म्हणाला, एक माणूस चालला तर एवढं डिझेल लागतं, सगळा गाव चालला तर टँकरच मागवावे लागतील.

गडबड काही नव्हती. एक सेन्सर निसटला होता. पण मीच लागलो की नाही?

१७ ऑगस्ट

आठवडाभर गार पाण्याने आंघोळ. आता सर्दी, ताप. ही कॉलनीच्या दवाखान्यात नर्स आहे, तिने दिवसातून चार वेळा वाफ घ्यायला लावली. वाफेला पाणी उकळायचं, त्याला गॅस. चार दिवसांत महिन्याच्या आंघोळींचा गॅस गेला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ही गुंतवणूक आहे. ती म्हणाली, नाक पुसा.

२४ ऑगस्ट, दुपारी

घरचे प्रयोग किरकोळ आहेत. मोठा विचार केला पाहिजे. झाडं!

आकडेमोड केली. भट्टी दिवसाला सुमारे सतराशे टन कार्बन डायऑक्साइड सोडते. एक झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं. म्हणजे भट्टीचा एक दिवस फेडायला पंच्याऐंशी हजार झाडांना वर्षभर राबावं लागेल. फक्त एक दिवस.

आज क्वार्टरच्या मागे अकरा रोपं लावली. राहिली चौऱ्याऐंशी हजार नऊशे एकोणनव्वद. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

२६ ऑगस्ट

शेजाऱ्यांची शेळी. राहिली पंच्याऐंशी हजार.

२ सप्टेंबर

रविवार. चिमणीचा फोन. विचारलं, बाबा, तुमच्या दहा टक्क्यांचं काय झालं? गमतीत विचारलं असावं. मी म्हणालो, चार झाले.

तोंडातून गेलं. अगदीच खोटं नाही. गेल्या आठवड्यात कोळसा मोजणारा काटा चार टक्के कमी दाखवत होता. नंतर काटा बिघडल्याचं कळलं, तो भाग वेगळा.

ती एवढी खूश झाली. सगळ्यांना सांगते म्हणाली. मी म्हटलं, सांग की.

१५ सप्टेंबर

तिने खरंच सगळ्यांना सांगितलं. तिच्या वरिष्ठ बाईंना फार कौतुक वाटलं. चालू भट्टीवर एका माणसाने चार टक्के कसे वाचवले, रोजचे आकडे मिळतील का, असं विचारत आहेत.

सांगितलं, आकडे गोपनीय असतात. मालकाची परवानगी लागते. अर्ज केला आहे.

अर्ज केलेला नाही. पण केला असता तर परवानगी मिळाली नसती. म्हणजे एकच.

२८ सप्टेंबर, सकाळी ७

हल्ली रविवारचा फोन नको वाटतो. गेल्या रविवारी फोन वाजल्यावर मी बाथरूममध्ये गेलो आणि ही फोनवर बोलत असेपर्यंत तिथेच थांबलो. अर्धा तास. ही बाहेरून म्हणाली, ठेवला फोन, या आता. बाहेर आलो. तिने टॉवेल पुढे केला. मी कोरडाच होतो.

एकच रस्ता. चार टक्के खरे करून दाखवायचे. मग चार कशाला, दहा!

आयडिया सापडली आहे. लाकडाचा भुसा. फर्निचरच्या कारखान्यात ढिगाने पडलेला असतो. कोळशाच्या जागी थोडा भुसा जाळायचा. भुशातला कार्बन झाडाने काल-परवाच हवेतून घेतलेला, तो परत हवेत गेला तर बिघडलं कुठे? जुनं कुलूप फोडायला नको.

चिमणीला स्वतः फोन करून सांगितलं. म्हणाली, चांगलं आहे बाबा. पण लक्षात ठेवा, तुमचा निम्म्याहून जास्त कार्बन कोळशातून येतच नाही. तो दगडातून येतो, दगड भाजला की सुटणारच.

दगडाचं नंतर बघू.

१२ ऑक्टोबर

साहेबांना भेटलो. साहेब म्हणजे प्लांट हेड, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलताना घड्याळाकडे बघायची सवय. मी अठरा स्लाइड्स नेल्या होत्या. तिसऱ्या स्लाइडला म्हणाले, करा ट्रायल. एवढ्या लवकर पटलं! फिटरचं म्हणणं, हेड ऑफिसातून वर्ष संपायच्या आत काहीतरी ग्रीन दाखवा असा मेल आला होता, कोणी गोमूत्र घेऊन गेला असता तरी साहेब हो म्हणाले असते. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

तारीख: २७ नोव्हेंबर.

घरी सांगितलं. ही भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. म्हणाली, आपण पंचवीसला निघणार होतो. आठ दिवस केंद्रावर राहायचं आणि मग तिथूनच तिला जहाजावर सोडायला जायचं. मी म्हटलं, ट्रायल एका दिवसाची, अठ्ठावीसला निघू, चार दिवस हातात राहतात. ती म्हणाली, तारीख साहेबांनी दिली की तुम्ही मागितली?

साहेब म्हणाले होते, पुढच्या महिन्यात कधीही. तारीख मी सुचवली. भुसा तोवर वाळेल म्हणून.

तिला सांगितलं, साहेबांनी दिली.

३ नोव्हेंबर

कंट्रोल रूममध्ये नवीन खोकं आलं. हेड ऑफिसने पाठवलं. भट्टी आपोआप चालवणारा कॉम्प्युटर. बसवायला एक इंजिनिअर बाई आल्या आहेत. कानात सतत काहीतरी घातलेलं. मला विचारून विचारून सगळं टिपून घेतात. आच लांब झाली तर काय करता, ऑक्सिजन घसरला तर काय करता. मी बावीस वर्षांचा अनुभव सढळ हाताने सांगतो आहे. म्हटलं, टिपा, टिपा. पण भट्टीला माणसाचा हात लागतो. पोहायचं पुस्तक वाचून कोणी तरत नाही. बाई हसल्या आणि तेही टिपलं.

१८ नोव्हेंबर

चिमणीचा फोन. सांगितलं, अठ्ठावीसला निघतो, एकोणतीसला पोचतो. ती म्हणाली, बाबा, नाही जमलं तर राहू दे हं. माझं काही म्हणणं नाही.

शहाणी पोर. परिस्थिती समजून घेते.

हिला सांगितलं, तर ही म्हणाली, पाचवीत असताना बक्षीस समारंभाच्या दिवशीही ती असंच म्हणाली होती. त्या दिवशी भट्टीत कडं धरलं होतं, म्हणजे आतून माल चिकटून वाट बुजत आली होती. मला कडं आठवतं. समारंभ आठवत नाही.

२७ नोव्हेंबर

भुशाचे ट्रक आले नाहीत. ट्रायल उद्या.

हिने दोन बॅगा भरल्या होत्या. संध्याकाळी माझ्या बॅगेतून माझे कपडे काढून कपाटात नीट घडी घालून ठेवले. मी म्हटलं, अगं, परवा निघतो ना मी मागून. ती म्हणाली, हो. आणि स्वेटर तेवढा राहू दिला, तो तिला हवा होता.

२८ नोव्हेंबर, दुपारी १.३०

ही सकाळच्या बसने गेली. स्टँडवर सोडायला जाणार होतो, पण ट्रक आले.

अकरा वाजता भुसा चालू केला. दोन तास झाले. काय ती आच! कोळसा सहा टक्क्यांनी कमी. साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला. त्यात मी आहे, डाव्या कोपऱ्यात, खांदा. चिमणीला मेसेज पाठवला: सहा टक्के, खरे. 'खरे' हा शब्द मागाहून खटकला. त्याआधीचं खोटं होतं असा अर्थ निघतो. पण गेला तो गेला.

उद्या सकाळी निघायचं. घोडामैदान जवळच आहे.

२९ नोव्हेंबर

लिहवत नाही, पण वस्तुस्थिती नोंदवतो.

ट्रकमधला खालच्या थरातला भुसा ओला होता. तो पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये त्याचे गोळे झाले. तासभर काही गेलं नाही आणि मग सगळं एकदम गेलं. आच वाकडी झाली आणि एका बाजूच्या विटांना चाटायला लागली. पहाटे भट्टीच्या पत्र्यावर बाहेरून लाल डाग. जेवणाच्या ताटाएवढा, म्हणजे आत तिथल्या विटा गेल्या. फिटर धावत वर आला. मी म्हणालो, थांबू, डाग कमी होईल. तो म्हणाला, कमी झाला तर ओरड, आणि स्वतः जाऊन बटण दाबलं.

भट्टी थांबली.

बावीस वर्षांत माझ्या शिफ्टला पहिल्यांदा. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. कॉलनीतले लोक घराबाहेर येऊन चिमणीकडे बघत उभे. तिच्यातून काहीच निघत नव्हतं.

हिला फोन केला. म्हटलं, भट्टी थांबली. ती म्हणाली, बरं झालं, मग निघा आता. मी म्हटलं, छे, आता तर निघणं शक्यच नाही. चौकशी आहे, विटा आहेत.  मग ती म्हणाली, चालू असली तरी नाही, बंद पडली तरी नाही. भट्टीने असावं तरी कसं?

प्रश्न बिनतोड आहे. उत्तर सुचलं तर लिहीन.

२ डिसेंबर

भट्टी निवायला तीन दिवस लागले. आज आत गेलो. किती विटा पडल्या ते मोजायला माझंच नाव सुचवलं गेलं. कोणी सुचवलं ते कळलं नाही.

कंबरेएवढ्या दारातून वाकून आत जायचं. आत माणूस उभा राहतो, पण वर विटांची कमान आणि हातात बॅटरी. पाय टाकला की भाजलेल्या मालाचे गोळे घरंगळतात. अजून ऊब होती. एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटात असल्यासारखी. वीस मीटरवर विटा ढासळल्या होत्या, खालचा पत्रा उघडा. मी मोजायला लागलो. दोनशेपर्यंत गेलो आणि चुकलो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलो.

मग एका ढिगावर बसलो. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. मनात आलं, भट्टी माझ्या बोटांवर नाचते म्हणतो आपण, आणि बावीस वर्षं हिच्याभोवती कोण फिरलं? पण असे विचार उष्णतेने येतात. पाणी कमी पडलं की होतं असं.

बाहेर आलो तेव्हा सव्वाबारा. मोबाईलवर सात मिस्ड कॉल. पाच चिमणीचे, दोन हिचे. जाड पत्र्याच्या आत रेंज कशी येणार? उलट फोन लावला. लागला नाही. जहाज बारा वाजता सुटलं होतं.

विटा: चारशे बावीस. तिसऱ्यांदा जाऊन मोजल्या.

५ डिसेंबर

ही आली. केंद्र चांगलं आहे म्हणाली, थंडी फार. चिमणीने तिला सगळं फिरवून दाखवलं. जहाज मोठं होतं. चिमणी कठड्याशी शेवटपर्यंत फोन कानाला लावून उभी होती.

मी विचारलं, रडली का? ही म्हणाली, नाही. ती म्हणाली, बाबा बहुतेक भट्टीच्या आत असतील. आणि हसली.



११ डिसेंबर, सकाळी १०

भट्टी पेटली. गार भट्टी तापवायला तेल जाळावं लागतं, दीड दिवस नुसतं तेल. एवढा काळा धूर त्या चिमणीतून मी कधी पाहिला नव्हता.

भट्टी त्या नव्या खोक्याने चालू केली. चौकशी पुरी होईपर्यंत मी पॅनलला हात लावायचा नाही, असा आदेश. मी मागच्या खुर्चीत बसून लक्ष ठेवतो. इंजिनिअर बाई म्हणाल्या, सर, तुमच्याच नोट्सवर चालते आहे. मी म्हटलं, तरी गडबड झाली तर मी आहेच.

२० डिसेंबर

गडबड झालेली नाही.

२६ डिसेंबर

अजून नाही. कोळसा तीन टक्के कमी लागतो आहे. खरे तीन. बाई म्हणाल्या, मशीन दर काही सेकंदाला जरा जरा बदलत राहतं. माणूस काय करतो, बराच वेळ बघत बसतो आणि मग एकदम मोठा बदल करतो.

कोणाबद्दल म्हणाल्या ते स्पष्ट झालं नाही.

३१ डिसेंबर

वर्षाचा आढावा. शांतपणे बसून आकडे काढले आणि काय सांगू, भट्टी अकरा दिवस बंद होती! अकरा दिवस, रोजचे सतराशे टन. अठरा हजार सातशे टन कार्बन हवेत गेलाच नाही. वर्षाचे तीन टक्के. आणि हे कोणामुळे? भुशामुळे. भुसा कोणाचा? माझा.

धावत जाऊन फिटरला सांगितलं. तो चहा पीत होता. शेवटचा घोट घेतला, कप विसळला. मग म्हणाला, त्या अकरा दिवसांत लोकांनी घरं बांधायची थांबवली का? आपल्या सगळ्या ऑर्डरी कंपनीने दुसऱ्या प्लांटला दिल्या. तिथली भट्टी आपल्यापेक्षा जुनी, आपल्यापेक्षा जास्त कोळसा खाते. वर आपण तापवायला जाळलेलं तेल. तुझे वाचले नाहीत बाबा, वाढले.

पाच महिन्यांची मेहनत. पायी चाललो, गार पाणी, अकरा रोपं, अठरा स्लाइड्स. बेरीज: वाढ.

चिमणीला ईमेल लिहायला घेतली. 'बाबांकडून नववर्षाच्या शुभेच्छा' एवढंच झालं.

४ जानेवारी

बढती! साहेबांनी बोलावून सांगितलं, आजपासून तुम्ही प्लांटचे कार्बन अधिकारी. पद नवीनच निर्माण केलं आहे. बसायला जुन्या वजनकाट्याची केबिन, गेटजवळ. कॉम्प्युटर येणार आहे. काम काय विचारलं, तर म्हणाले, तुम्हीच ठरवा, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरज वाटली नसावी, मी उठलोच होतो.

केबिनला खिडकी आहे. खिडकीतून चिमणी दिसते. दिवसभर बघितली. चालू आहे.

१२ जानेवारी

कॉम्प्युटर आला नाही. कोणी विचारायला आलं नाही. इंटरकॉमचा फोन उचलून बघितला, तर मेलेला.

साहेबांकडे गेलो, म्हटलं, चार दिवस रजा मिळेल का? नकार येणार म्हणून कारणं तयार ठेवली होती. साहेब म्हणाले, चार कशाला, पंधरा घ्या. महिना घ्या.

घरी सांगितलं, केंद्र बघायला जातो.  मला वाटलं, ही रागावेल. म्हणाली, बैल गेला नि झोपा केला. मग उठली आणि तो स्वेटर आणून माझ्या हातात दिला. म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, माझं बघून झालं.

१९ जानेवारी

दोन बस बदलून, शेवटचे दोन किलोमीटर चढ. केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक उंच लोखंडी टॉवर. मला वाटलं होतं पंधरा-वीस सायंटिस्ट असतील. एक भाषण तयार केलं होतं, 'भट्टीवरचे माझे अनुभव'. तिथे एक जाड चष्म्याची मुलगी आणि एक वॉचमन.

मी नाव सांगायच्या आत मुलगी म्हणाली, तुम्ही तिचे बाबा ना? म्हटलं, कसं ओळखलं? ती म्हणाली, ती सांगूनच गेली होती, माझे बाबा येतील, मी गेले की. सहज म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

चिमणीचं टेबल दाखवलं. आता त्यावर दुसऱ्या कोणाचं हेल्मेट आणि संत्र्याची सालं.

मग भिंतीवरच्या आलेखात हवेतल्या कार्बनची रेघ दाखवली. करवतीच्या दात्यांसारखी वरखाली. झाडं पानं धरतात तेव्हा जगाची हवा जरा आत ओढली जाते, रेघ उतरते. पानं गळली की चढते. पण दर वर्षी उतरते त्यापेक्षा जास्त चढते. मी अगदी जवळ जाऊन विचारलं, डिसेंबरातले अकरा दिवस कुठे आहेत यात?  म्हणाली, काका, एवढं नाही दिसत. मी विचारलं, मग बावीस वर्षं? तिने त्या सगळ्या चढावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ती आहेत. सगळ्यांची मिळून.

दुपारी ती हवेची बाटली भरायला बाहेर निघाली, मला बरोबर घेतलं. काचेची जाड बाटली, बंद केली की लांबच्या प्रयोगशाळेत जाते. दर आठवड्याला एक. माझ्या लेकीने तीन वर्षं हेच केलं, इथेच उभं राहून. मुलगी म्हणाली, काका, तुम्ही जरा मागे थांबा, वारा समोरून येतोय. आणि झडप उघडते तेवढा वेळ श्वास सोडू नका. माणसाचा श्वास आत गेला तर आकडा बिघडतो.

मी मागे जाऊन उभा राहिलो. तिने खूण केली. मी डोळे मिटले आणि श्वास धरला. कानात भट्टीसारखी घरघर सुरू झाली. छाती फुटायला आली तरी सोडला नाही. निदान या एका बाटलीत तरी माझं काही जायला नको.

खांद्यावर हात पडला. ती मुलगी म्हणत होती, काका, सोडा आता. बाटली केव्हाच भरली.